मुंडावळ्यांचा विनोद

आमच्या समितीचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की बॅनरवर ते एका ओळीत कधीच मावलं नाही. वॉर्डातल्या कुणालाच आपण बाहेरचे आहोत असं वाटू नये, यासाठी नेमलेली नागरिकांची स्वयंसेवी समिती, एवढाच त्याचा अर्थ. मानधन नाही आणि चहा आपला आपण. महिन्यातून एका शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं आणि फुटपाथच्या मधोमध उभे असलेले खांब, बागेच्या फाटकातून आत न जाणारी व्हीलचेअर, असल्या गोष्टींवर डोकं लावायचं.

मी अंधेरीतल्या एका विमा कंपनीत नोकरी करते आणि पार्ल्यात राहते. समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त फिजिओथेरपिस्ट. माझ्या आईचा गुडघा त्यांनीच चालता केलेला, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा भाजी घेताना त्यांनी मला गाठलं आणि म्हणाल्या, तुला बोलायची एवढी हौस आहे तर आमच्याकडे येऊन बोल. म्हणून मी गेले. पहिलं वर्षभर खरं सांगायचं तर बोलण्यापलीकडे माझ्या हातून फारसं काही झालं नाही.

दुसऱ्या वर्षी समितीत एक नवीन सदस्य आली. साधारण चाळिशीची, अंधेरीला दागिन्यांची डिझाइनं काढणारी, जन्मापासून बधिर. तिच्यासोबत दुभाषी म्हणून विक्रोळीची एक शिक्षिका यायची. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची आणि तिचे स्वतःचे आईवडीलही बधिर, त्यामुळे खुणांची भाषा तिला मराठीच्याही आधी आलेली. नवी सदस्य हातांनी बोलायची आणि शिक्षिका ते जसंच्या तसं, "मी" म्हणत, मोठ्यानं सांगायची. सुरुवातीला आम्ही सगळे शिक्षिकेकडेच बघून उत्तरं द्यायचो. मग एकदा ती म्हणाली, अहो, बोलणारी ती आहे, तिच्याकडे बघा. तेव्हापासून आमच्या माना वळल्या.

त्या शनिवारी मीटिंग सुरू व्हायची होती. आदल्या रात्री बघितलेलं नाटक मी अध्यक्षबाईंना करून दाखवत होते. मला नाटक नुसतं सांगता येत नाही, उभं राहून सगळी पात्रं करावी लागतात. डिझाइनर समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. तिनं शिक्षिकेला काहीतरी विचारलं, शिक्षिकेनं उत्तर दिलं, आणि मग ती बराच वेळ हात हलवत राहिली.

शिक्षिकेनं आम्हाला सांगितलं, "मला शाळेतून एकदा नाटकाला नेलं होतं. दोन तास लोकांचे ओठ बघत बसले. सगळे हसले की मीपण हसायचे. मला एकदा तरी समजून हसायचंय."

मागचापुढचा विचार न करता मी म्हणून टाकलं की करूया, पार्ल्यात नाटकवाले काय कमी आहेत? अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बोललीस ना? आता तूच कर," त्या म्हणाल्या, आणि मीटिंगचा पहिला विषय काढला.

मी घरी धावतच गेले म्हणा ना. आमच्याच गल्लीत एक हौशी ग्रुप आहे. दिवसा बँकेत आणि रात्री तालमीत रमणारा त्यांचा दिग्दर्शक मला चांगला ओळखतो, कारण त्याच्या प्रत्येक प्रयोगाला मी पहिल्या रांगेत असते. त्यांचं एक विनोदी नाटक तेव्हा जोरात चालू होतं. एकच मंगल कार्यालय, एकच मुहूर्त आणि दोन लग्नं. त्या गोंधळात एक नवरदेव घाबरून गच्चीवर जाऊन लपतो आणि शेवटी नवरी त्याला सरळ घरी पाठवून स्वतः पंगतीत जेवायला बसते. मी विचारल्यावर दिग्दर्शक दोन मिनिटांत तयार झाला. रविवारी सकाळचा एक प्रयोग शाळेच्या सभागृहात, डावीकडच्या पुढच्या रांगा बधिर प्रेक्षकांसाठी, आणि दुभाषी स्टेजच्या खाली, उजव्या कोपऱ्यात. मला वाटलं, झालं काम.

पहिल्या तालमीला डिझाइनर समोर बसली. दहाएक मिनिटांत तिनं हात वर करून सगळं थांबवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. नाटक डावीकडे चाललंय आणि भाषा उजवीकडे, मी एका वेळी दोन्हीकडे कशी बघू? एक तर गोष्ट कळते, नाहीतर नट दिसतात. दुभाषी वर हवी, नटांमध्ये.

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. तो म्हणाला, माझ्या फ्रेममध्ये उगाच एक बाई हात हलवत उभी राहिली तर बाकीचे लोक काय बघतील? आता वाट लागली, हे सगळं इथंच संपतंय असं मला वाटलं. तेवढ्यात नवरीच्या आईचं काम करणारी बाई पुढे आली. मूळची मालवणची, गेली पंचवीस वर्षं घाटकोपरला राहणारी, आवाज असा की मायक्रोफोन लागू नये. तिनं शिक्षिकेचा हात धरला आणि तिला स्वतःशेजारी आणून उभं केलं. "माझ्या बाजूक उभी रव गो. माका काय अडचण नाय."

दिग्दर्शकानं दोघींकडे एकत्र बघितलं. मग मागे सरकून बघितलं. आणि मला अजून आठवतं, तो एकदम बोलायला लागला की प्रत्येक लग्नात अशी एक बाई असतेच, सगळ्यांना सगळं समजावून सांगणारी. ही नवरीची मावशी! तिथल्या तिथे त्यानं शिक्षिकेला नाटकात घेतलं. तिची साडी साधी, गडद निळी ठरली, कारण नक्षीच्या साडीवर हात नीट दिसत नाहीत. काळोखाच्या प्रसंगातही तिच्यावरचा दिवा बारीक चालू ठेवायचं ठरलं. त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की मी थेट तालमीला जायचे. मला तिथे काही काम नव्हतं, पण घरी थांबणं शक्यच नव्हतं.

खरा पेच पुढेच होता. नाटकातला सगळ्यात मोठा हशा एका शब्दावर होता. कार्यालयाचा मॅनेजर विचारतो, वर कुठाय? नवरीची आई सांगते, वर आहे. तो म्हणतो, वर म्हणजे? ती म्हणते, वर म्हणजे वरच. मराठी कानाला हे ऐकताक्षणी हसू येतं. खुणांच्या भाषेत मात्र नवरदेवाची खूण वेगळी आणि वरच्या मजल्याची वेगळी, दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. शिक्षिकेनं तीनचार प्रकारे करून बघितलं. डिझाइनर प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवायची. तिला विनोद समजत होता, पण समजावून सांगितलेला विनोद म्हणजे गार झालेला चहा.

मग ती स्वतःच उठली. तिनं दोन्ही हातांची बोटं कपाळावर टेकवली आणि गालांच्या कडेनं खाली आणली, मुंडावळ्या. म्हणजे नवरदेव. पुन्हा केलं, मुंडावळ्या. तिसऱ्यांदा बोटं तिथूनच निघाली, पण वाटेत डोळ्यांशी सरकली, खांदे पडले, ओठ वाकडे झाले आणि मुंडावळ्यांची आसवं झाली. गच्चीवर बसून ढसाढसा रडणारा नवरदेव आमच्यासमोर उभा राहिला. कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. अख्खी तालीम हसत सुटली. नवरदेवाचं काम करणारा तर खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, मला शिकव, मी गच्चीवरून डोकावताना हेच करणार. त्या संध्याकाळी मी घरी आले ती आरशासमोर मुंडावळ्या करत बसले. नवरा म्हणाला, यार, तुझं काय चाललंय?

आमंत्रण डिझाइनरनंच दिलं. हातांनी बोलतानाचा व्हिडिओ काढून तिनं तो आपल्या ओळखीच्या ग्रुपांवर टाकला. तो कुठवर पोचला, कुणाला आवडला, काहीच कळत नव्हतं. रविवारी सकाळी मी सभागृहाच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. पार्ल्यातले नेहमीचे प्रेक्षक वेळेवर आले. डावीकडच्या रांगा रिकाम्याच होत्या.

आणि मग ते आले. आधी एक जोडपं, मग चारजण, मग घोळकेच. बोरिवलीहून, मुलुंडहून, एक कुटुंब तर थेट वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून, म्हातारीला हाताशी धरून. सभागृहाबाहेरचा बंदिस्त व्हरांडा भरून गेला. एवढी माणसं होती आणि सगळीकडे हातच हात. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी गर्दीच्या डोक्यांवरून आरामात गप्पा मारत होता. आमचे नेहमीचे प्रेक्षक वड्याचा घास तोंडात तसाच ठेवून बघत होते. तिसरी घंटा झाली तेव्हा आम्ही बाहेरचे दिवेही तीनदा चालू-बंद केले. सगळे एकदम वळले आणि आत निघाले. मी धावत जाऊन माझी खुर्ची पकडली.

सुरुवातीला हशा दोन तुकड्यांत येत होता. उजवीकडून आधी, मग क्षणभरानं डावीकडून. नटांना त्याची सवय नव्हती, पुढचं वाक्य कधी घ्यावं ते कळेना. पण लवकरच त्यांना ताल सापडला. मग तो प्रसंग आला. मॅनेजरनं विचारलं, वर कुठाय? आणि उजवी बाजू हसली. मावशीनं मुंडावळ्यांची आसवं केली आणि डावी बाजू हशानं फुटली. त्याच वेळी गच्चीवरून नवरदेवानं डोकं बाहेर काढून तीच खूण केली आणि सगळं सभागृह एकत्र हसलं. बधिर माणसं हसताना आपल्या आवाजाला मुरड घालत नाहीत. तो मोकळा, मोठा आवाज ऐकून उजवीकडचे लोक वळून बघायला लागले आणि आणखीच हसायला लागले. डिझाइनर पहिल्या रांगेत होती. ती हसत नव्हती. ती मागे वळून आपल्या विनोदावर हसणाऱ्या लोकांचे चेहरे बघत होती.

एवढा हशा मिळाल्यावर मालवणी बाईंच्या अंगात आलं. दुसऱ्या अंकात त्यांनी गच्चीकडे बघत, संहितेत नसलेलं वाक्य फेकलं. "रे मेल्या वांडरा, खाली येतंस काय मी वर येव?"

शिक्षिकेचे हात हवेतच थांबले. विक्रोळीच्या मुलीनं वांडर हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. विंगेत दिग्दर्शकानं कपाळावर हात मारून घेतला असणार, मी तर मारलाच. पण शिक्षिका आता मावशी होती. ती नवरीच्या आईकडे वळली आणि हातांनी आणि तोंडानं, दोन्हींनी एकदम विचारलं, "वांडर म्हणजे काय गं ताई?"

बाईंनी एक क्षणही घालवला नाही. भरजरी शालू नेसलेल्या त्या बाईनं काखा खाजवल्या, गाल फुगवले आणि भर मांडवात दोन उड्या मारल्या. तिथे दुभाषीची गरजच उरली नाही. डावी उजवी काही उरलं नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते आणि पोट दुखतंय म्हणून पुटपुटत होते.

नाटक संपून नट पुढे आले तेव्हा उजवीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि डावीकडे सगळ्यांनी हात उंच करून पंजे हलवले, त्यांच्या टाळ्या अशाच. नटांनी आधी टाळ्याच वाजवल्या. मग नवरदेवानं हात वर करून हलवले, मग नवरीनं, मग सगळ्यांनी, आणि मी वळून बघितलं तर मागच्या रांगांतले पार्लेकरही तेच करत होते. मी रडत होते, हे मला नंतर अध्यक्षबाईंनी सांगितलं.

तक्रार एकच आली. एक वयस्क गृहस्थ येऊन म्हणाले की मावशीमुळे सुरुवातीला माझं लक्ष विचलित होत होतं, आणि नंतर मी तिच्याकडेच बघत बसलो, त्यामुळे मॅनेजरचं काम बघायचं राहिलं. पुढच्या प्रयोगाला परत येतो.

बाहेर फुटपाथवर गर्दी हलायलाच तयार नव्हती. मुलुंडहून आलेलं वयस्क जोडपं एकमेकांशी इतक्या तावातावानं हातवारे करत होतं की मला वाटलं भांडण झालं. मी शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, भांडणच आहे. नवरीनं त्याला घरी पाठवलं ते बरोबर केलं असं बायको म्हणतेय, आणि एवढ्यातेवढ्यावरून लग्न मोडायचं नसतं असं नवरा म्हणतोय. नाटक सुटल्यावर रस्त्यात उभं राहून शेवटावर वाद घालायचा, हे मी आयुष्यभर करत आले. बायकोनं माझ्याकडे वळून हातांनी काहीतरी विचारलं. शिक्षिकेनं सांगायच्या आत मला कळलं होतं, तुझं काय मत आहे, असंच असणार. मी बायकोकडे बोट दाखवून तिची बाजू घेतली. तिनं नवऱ्याला कोपरखळी मारली.

दिग्दर्शक सगळ्यांचं कौतुक गोळा करत शेवटी डिझाइनरसमोर येऊन उभा राहिला आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. तिनं विचार करून उत्तर दिलं आणि शिक्षिकेनं जराशा संकोचानं ते सांगितलं. पहिला अंक झकास, दुसरा मध्येच रेंगाळतो. आणि मॅनेजरचं काम पोकळ वाटतं, त्याच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही. मी केलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं.

दिग्दर्शकाची टीका ऐकून घ्यायची तयारी किती असते ते मला माहीत होतं, म्हणून मी मध्ये पडायला निघाले. पण त्यानं मला हातानं थांबवलं. तो तिच्याकडे बघत होता, शिक्षिकेकडे नाही.

"पुढच्या नाटकाची तालीम मंगळवारी सुरू होतेय," तो तिला म्हणाला. "येशील?"

तिनं शिक्षिकेच्या हातांकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. मालवणी बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली आणि आम्हा सगळ्यांना वडापाव खायला पिटाळलं.