दुधाच्या दातांची घोडी आणि खाटेवरचा नाच

तबेला, गव्हाण, दोन खोगिरं आणि सगळ्या घोड्यांच्या तोंडावर बांधायच्या मोहरक्या मी स्वतःच्या हातांनी बनवल्या. लगामाच्या कड्यासुद्धा मीच घासून गुळगुळीत केल्या. घोडी नाचवायची कला मला शिकवायला कोणी वस्ताद नव्हता.

आज सकाळी नेवाशाकडचा एक जण टेम्पोतून घोडी घेऊन आला.

"वस्ताद, लग्नसराईच्या आत ही वरातीपुढं खाटेवर नाचली पायजे."

"वय काय?"

"तीन वर्सं पुरी."

मी घोडीचं तोंड उघडलं. सगळे दुधाचे दात! अडीच वर्षांचीही नव्हती.

"तीन वर्षं तुझ्या टेम्पोला झाली असतील," मी म्हणालो.

तो हसला. "वरातीत दात कोन बघतंय, वस्ताद?"

आणि त्यानं पिशवीतून काटेरी लगाम काढला. तो बघूनच घोडी मागं सरली. ओठांचे कोपरे आधीच फाटलेले होते. म्हणजे कुणीतरी तिच्यावर हात साफ करून घेतला होता.

या वयात पायांची हाडं कच्ची असतात. आत्ता खाटेवर नाचवली तर ती जन्माची लंगडी होईल. हे ज्याला कळत नाही, त्यानं स्वतःला ट्रेनर म्हणवू नये. ज्याला कळतं आणि तरी करतो, त्यानं तो लगाम एकदा स्वतःच्या तोंडात घालून बघावा.

"दोन वर्षं थांब, मग बिनकाट्याच्या लगामानं शिकवतो," म्हणालो. तो घोडी घेऊन निघून गेला.

आपल्या या ग्रुपमधल्या घोडी शिकवणाऱ्यांनो, तो आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येणार. तुम्ही तिचे दात बघणार का? मला तो एका महिन्याचे एक्कावन्न हजार रोख देत होता. मी घेतले नाहीत.