होस्किन्स आणि हंडलीच्या मधे

ट्रेसा हबर्ड दवाखान्याच्या तळघरात चादरी धुते. वर वॉर्डात पेशंटजवळ जायला शाळा पास झाल्याचा कागद लागतो, आणि तो तिच्याकडे नाही. लोक म्हणतात, शाळा सोडली तिनं. झक मारतात लोक.

ती दहावीत असताना तिच्या बापाला, व्हर्ननला, धाप लागायला लागली. एकवीस वर्षं कोळशाच्या खाणीत घातलेला माणूस, फुप्फुसांचा दगड झालेला. आई केव्हाच निघून गेली होती. मग रांधणार कोण, ऑक्सिजनच्या टाक्या बदलणार कोण, रात्री पाठ चोळणार कोण? ट्रेसानं अर्धं वर्ष शाळा बुडवली आणि दहावी परत केली. एका वर्षानं काय बिघडतं, असं तिला वाटलं.

तिथंच बिघडलं. तिच्या एक वर्ष मागून येणाऱ्या वर्गापासून पास व्हायला बावीस क्रेडिटच्या, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांच्या, जागी सव्वीस लागणार, असं शाळांच्या बोर्डानं ठरवलं, आणि वर्ष परत केल्यानं ती त्याच वर्गात येऊन पडली. आणखी गणित, आणखी शास्त्र. पोरांकडून जास्त मागितलं की पोरं जास्त देतात म्हणे. मागणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? पण ट्रेसा नववीत आली ती जुन्या नियमात, तेव्हा तुला बावीसच, असं शाळेतल्या प्रुइट सरांनी तिला सांगितलं होतं. फ्रिजवर कागद चिकटवून ती एकेक क्रेडिट खोडत गेली. सकाळी पेशंट सांभाळायच्या कोर्सला जायची. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे तिथल्या बाईंनाच ती दाखवायची. त्या बाईंनी दवाखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

एप्रिलात गावाच्या रीतीप्रमाणे शेवटच्या, बारावीच्या वर्षाच्या पोरांचे मोठे फोटो रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर लागले. ट्रेसाचा औषधांच्या दुकानासमोर होता. दवाखान्याच्या दर खेपेला व्हर्नन तिला तिथं ट्रक थांबवायला लावायचा.

"खांबावर तरी हसलीस पोरी. घरी नुसती गुरगुरतेस माझ्यावर."

त्याच महिन्यात प्रुइट सरांनी तिला बोलावलं. वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. नियम नववीत आल्याच्या वर्षावर नाही, पास होण्याच्या वर्षावर चालतो. तिला सव्वीसच लागणार होते, आणि तिचे तेवीस भरत होते. चूक माझी, असं सर टेबलाकडे बघत म्हणाले. आणखी एक वर्ष ये, म्हणाले.

"आणि दहावीत मी घरी बसले नसते तर, सर?"

"तर गेल्याच वर्षी पास झाली असतीस."

"म्हणजे बापाला मरू द्यायचं होतं."

सरांनी पत्राची घडी घातली.

मैत्रिणी तिला ओढत बोर्डाच्या बैठकीला घेऊन गेल्या. बोलायला तीन मिनिटं मिळाली. सगळ्यांनी माना डोलवल्या आणि पुढचा विषय घेतला, फुटबॉलच्या मैदानावरचं गवत.

घरी तिनं हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी व्हर्ननला पानगळीपर्यंतची मुदत दिली होती, आणि आठवीत शाळा सोडून पुढं खाणीत उतरलेल्या त्या माणसाला एकच बघायचं होतं, हबर्डांपैकी कुणीतरी शाळेच्या मैदानावर, पास झालेल्यांच्या समारंभात, टोपी-झगा घालून चालताना. पण मे महिन्यात दवाखान्यात जाताना त्यानं ट्रक थांबवायला लावला, तर खांब रिकामा. शाळेच्या माणसानं फोटो उतरवला होता.

"वाऱ्यानं नेला काय गं?"

मग तिला सांगावंच लागलं. त्या रात्री त्याचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव ताटात तसाच पडून राहिला. झोपताना म्हणाला, "शुक्रवारी मला मैदानावर ने."

शुक्रवारी, समारंभाच्या दिवशी, तिनं मैदानाच्या कुंपणाबाहेर ट्रक लावला. आत निळे झगे, आणि कर्ण्यावर एकेक नाव. तिचं नाव होस्किन्स आणि हंडलीच्या मधे यायचं. होस्किन्सच्या पोराचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. व्हर्नननं काच खाली केली, नाकातली नळी काढली आणि ट्रकच्या दाराला धरून उरल्यासुरल्या छातीनिशी ओरडला, "ट्रेसा मे हबर्ड."

कर्ण्यावर हंडलीचं नाव आलं.

त्याला असा खोकला लागला की ओठ निळे पडले. तिनं नळी परत बसवली, टाकीची चावी वाढवली, पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळानं त्याला शब्द फुटला.

"ऐकलं का कुणी?"

"नाही, डॅडी."

"मग परत म्हणतो."

"नको," ती म्हणाली. "श्वास जपून ठेव." आणि तिनं काच वर केली.