डब्यात वाजणारा फोन

आई जाऊन सात महिने झाले होते आणि तिचा फोन अजून स्वयंपाकघरात, पोह्यांच्या रिकाम्या डब्यात होता. तो तिथे तिनंच ठेवला होता. बसवनगुडीला भाड्याच्या घरात राहायचो तेव्हा आमचे पैसे याच डब्यात असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पगाराचं पाकीट तसंच्या तसं आईच्या हातात देत आणि स्वतःच्या खर्चाला दर आठवड्याला तिच्याकडे मागत. ज्याला खर्च करायचाय त्याच्या हाती पैसा नसावा, त्यानं मागून घ्यावा, मागताना माणूस दोनदा विचार करतो, असं तिचं म्हणणं. ती अथणीकडची. आमच्याशी मराठीत बोलायची, पण पैसे मोजायची कानडीत.

पुढे पैसे बँकेत गेले तरी तिनं शिस्त सोडली नाही. पेन्शन दोघांच्या जोडखात्यात यायची आणि त्या खात्याला फोन नंबर मात्र तिचा. नोटा नाहीत तर नाहीत, फोन डब्यात. मला हे हास्यास्पद वाटायचं. मी बेळ्ळंदूरला पैसे पाठवायच्या एका अ‍ॅपच्या कंपनीत आहे. बोट टेकलं की पैसे गेले पाहिजेत, मध्ये विचार करायला वेळ राहता कामा नये, हे माझं काम. आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘म्हणजे खिसे कापतेस.’’

ती गेल्यावरही मी फोन चालू ठेवला, कारण खात्याचे मेसेज त्यावर येत. पाच-सहा दिवसांनी डबा उघडायचा, फोन चार्ज करायचा, परत ठेवायचा. मेसेज वाचायची हिंमत झाली नव्हती.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. सकाळचे अकरा. आमच्या इमारतीमागच्या तळ्याचा वास येतो म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि अकराव्या मजल्यावर खिडक्या बंद केल्या की रिंग रोड नुसता दिसतो, ऐकू येत नाही. अण्णा खाली बागेतल्या बाकावर बसायला गेले होते. आणि फळीवरचा डबा वाजायला लागला. फोन आत थरथरत होता आणि अख्खा स्टीलचा डबा घुमत होता. शेजारचा डबाही किणकिणला.

मी झाकण काढलं. बँकेचा मेसेज होता. पाचशे रुपये पाठवण्यासाठी सहा आकडे, कुणालाही सांगू नका. मी फोन ओट्यावर ठेवला आणि नुसती बघत राहिले. मिनिटभरात दुसरा मेसेज आला. पाचशे रुपये गेले होते. ज्या खात्यात गेले त्याचे शेवटचे आकडे माझ्या ओळखीचे नव्हते.

घरात मी एकटी. ते आकडे मी सोडून कुणी पाहिलेले नव्हते. मी मागचे मेसेज वर सरकवत गेले. दर आठवड्याला, त्याच वाराला, त्याच वेळी, पाचशे. बंद डब्यातल्या फोनवरचे आकडे सात महिने कुणीतरी वाचत होतं. मी दाराची कडी लावून आले, आणि मग वाटलं, आपण कडी कुणासाठी लावली?

अण्णांना सांगितलं नाही. त्यांचं बीपी. आईच्याच फोनवरून बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, खातेदार आपणच का? ‘‘हो, मीच,’’ मी म्हणाले. आईचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, तिच्या आईचं नाव सांगितलं. ऑनलाइन व्यवहार बंद झाले. आई होणं इतकं सोपं गेलं याचीच मला चोरापेक्षा जास्त भीती वाटली.

त्याच आठवड्यात अण्णांना बँकेत नेलं. आईचं नाव कमी केलं, व्यवहार परत सुरू करून घेतले आणि खात्याला माझा नंबर दिला. अण्णांनी मी पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. जन्मभर त्यांनी तेच केलंय. आईचं सिम मी बंद केलं. डोक्यावरचं ओझं उतरलं, आता ते पडून राहिलेले पैसे एखाद्या चांगल्या फंडात घालू, असा हिशेबही मी मनात करून टाकला.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. अकराला फोन थरथरला. पाचशे रुपये पाठवण्यासाठी सहा आकडे. चोर माझ्या फोनपर्यंत येऊन पोहोचला होता. मी फोन पालथा घातला. दहा मिनिटांनी परत थरथरला. या वेळी दोनशे. समोर कुणीतरी पडद्यावर आलेख दाखवत होतं, मला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं. मग तिसरा आला, पन्नास रुपयांसाठी.

पन्नास? चोर कधी रक्कम कमी करत येत नाही. आणि मग सोमवार डोक्यात शिरला. बसवनगुडीच्या घरात अण्णा पैसे मागायचे तो वार. मी मीटिंग अर्धी टाकून घरी आले.

अण्णा हॉलमध्ये टॅब मांडीवर घेऊन बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, ‘‘तुझी आई रागावलीय बघ. पाचशे मागितले, देईना. दोनशे म्हटलं. शेवटी म्हटलं, पन्नास तरी दे, कॉफीपुरते. आकडाच पाठवीना.’’

हळूहळू सगळं उलगडलं. ते अनोळखी खातं अण्णांचंच होतं. आईनं त्यांच्या खिशातल्या खर्चापुरतं उघडून दिलेलं. दर सोमवारी मी ऑफिसात असताना अण्णा टॅबवर पाचशे मागत आणि ती स्वयंपाकघरातून, झाकण काढून, आकडे कानडीत मोठ्यानं वाचून दाखवी. ती दवाखान्यात होती तेव्हा तिचे मेसेज अण्णांच्या टॅबवरही दिसतील अशी सोय मीच करून दिली होती, आणि साफ विसरून गेले होते. ती गेल्यावरही मागितले की दहा सेकंदांत आकडे येत होते. खाली बाकावर बसूनसुद्धा.

‘‘अण्णा, पैसे तुमचेच आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘हवे तेवढे काढून देते.’’

‘‘माहितेय की. ती नाही हेपण माहितेय, मी काही खुळा नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण विचारल्याशिवाय कसे घेऊ?’’

मी पाचशेची नोट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. आठवडाभर ती टीपॉयवर पडून होती. आठवडाभर अण्णा खालीही गेले नाहीत. दुपारी टॅब मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे, आणि त्या घरात माझ्याच्यानं काम होईना. आईचा आवाज मी बंद करून आले होते, सही-शिक्क्यानिशी.

पुढच्या सोमवारी मी घरी थांबले. अकराच्या आधी स्वयंपाकघरात गेले आणि माझा फोन डब्यात ठेवला. तो घुमला तेव्हा दचकले, माहीत असूनही. झाकण काढलं. पन्नास रुपये.

‘‘नाल्कु,’’ मी ओट्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. ‘‘एळु. सोन्ने. सोन्ने. एरडु. आरु.’’

तो आवाज माझा नव्हता. शेवटचा आकडा जरा ओढायची आईची लकब मला कधी लागली, मला माहीत नाही. हॉलमध्ये टॅबवर बोट टकटकलं.

‘‘सरी, झालं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘झाकण लाव.’’

मी झाकण लावलं.