शैलाताईंचा पाना

बातमी आली तेव्हा मी चाकणच्या चौकात, कंटेनरांच्या मध्ये अडकलेल्या रिक्षात बसले होते. संग्रहालयाच्या वॉचमनचा फोन. "शैलाताई गेल्या." मी पहिलं काय विचारावं? "कुणी सांगितलं?" माणूस गेल्याच्या बातमीवरसुद्धा माझा पटकन विश्वास बसत नाही. स्वभावच तसला. आमची जमीन गेली तेव्हा 'नुसती मोजणी आहे' म्हणून वडिलांचा अंगठा घेतला होता. तेव्हापासून आमच्या घरात कागद घेऊन आलेल्या माणसाला चहा देतानाही आधी त्याच्या हातांकडे बघतात. आणि शैलाताई तर जन्मभर कागदांत वावरलेल्या बाई... आता महिना उलटून गेला. रडून झालंय. मनातली शंका काही जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

चाकणजवळ निघोज्यात एका शेठनी आपल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये कलासंग्रहालय काढलं. ताई तिथल्या संचालिका, आणि संग्रहालयाच्या वकीलही त्याच. शेठना एका पगारात दोन माणसं मिळाली, असं लोक म्हणायचे. मी चित्रं-शिल्पांची निगा राखायचे. ताईंच्या खोलीत त्यांच्या दोन खुर्च्या होत्या. टेबलामागे फिरती, खिडकीपाशी लाकडी. फिरत्या खुर्चीत त्या संचालिका. काही अवघड निघालं की उठायच्या, "थांब हं, वकिलाला विचारते," म्हणत लाकडी खुर्चीत जाऊन बसायच्या, जरा वेळ गप्प, आणि परत आल्या की निर्णय तयार! पाहुण्यांना मोठी गंमत वाटायची. मला नाही वाटायची. आपणच विचारायचं, आपणच सल्ला द्यायचा, आपणच मान डोलवायची, ही कसली तऱ्हा? एकदा मी तोंडावर म्हटलं, "ताई, या दोघींचं कधी भांडण होत नाही का?"

"रोज होतं," त्या म्हणाल्या. "तुला ऐकू येत नाही एवढंच."

मग आमच्या खांबांचं प्रकरण आलं. निघोजे माझं माहेर. गावाने देऊळ नवं बांधलं, जुना लाकडी सभामंडप उतरवला, सगळीकडे ग्रॅनाइट. कोरीव सागवानी खांब मात्र मागच्या पत्र्याखाली ऊन-पाऊस खात पडले. मला बघवेना. देवळाचं सगळं माझे चुलते आण्णा बघतात. त्यांना मीच गळ घातली, संग्रहालयात ठेवायला द्या. ताईंनी कागद मोठ्याने वाचून दाखवला: खांब गावाचे, संग्रहालयात फक्त ठेवलेले. आण्णांनी डोळे बारीक केले. "बाई, संग्रहालय बी तुमीच, वकील बी तुमीच. मग आमच्या बाजूनं कोण?"

ताई उठल्या, लाकडी खुर्चीत जाऊन बसल्या. "तुमचा वकील घेऊन या. मी थांबते."

"न्हाई, न्हाई, कशाला? आमची कुंदा हाय की हितं!"

झालं! सगळं गाव माझ्या मानेवर. खांबांचं काही बरंवाईट झालं असतं तर मला माहेरी तोंड दाखवायची सोय उरली नसती.

खांब काँक्रीटमध्ये पक्के रोवायचे, असं शेठनी सांगितलं होतं. ताईंनी अडवलं. लोखंडी पाय करून घेतले आणि खांब त्यांवर नट-बोल्टने उभे केले. का? तर म्हणे, "फरशी नवी आहे, फोडायची नाही." फरशी! या बाईंना कधीपासून फरशीचा एवढा पुळका? मी तिथेच सावध झाले. पुढे तर कमालच. सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असायची, तेव्हा, वॉचमन सांगायचा, ताई ड्रॉवरमधून पाना काढायच्या, पदर खोचून खाली बसायच्या, एकेक नट सैल करून तेल सोडायच्या आणि परत आवळायच्या. आमच्या कारखान्यांच्या भागात घरोघरी पाना असतो, पण संचालिकेच्या ड्रॉवरमध्ये? मला खात्रीच झाली की हे खांब परस्पर विकायचं चाललंय. मंगळवारी कामावर आल्याआल्या मी आधी खांब बघायचे, मग हजेरी लावायचे. "ताई, कुठे न्यायचेत का हे?" असं एकदा विचारलंही. "कुठे नाही. नट गंजू नयेत." आणि पाना ड्रॉवरमध्ये.

शेठ गेले, मुलाच्या हातात कारभार आला, आणि संग्रहालयाच्या जागी गोदाम होणार अशी कुजबुज सुरू झाली. त्यातच ताईंनी अंथरूण धरलं. मी चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर मलाच विचारतात, "नट फिरतात ना गं?" "फिरतात." त्यांनी डोळे मिटले. मला असा राग आला! एवढ्या वर्षांची सोबत, आणि शेवटचं बोलणं काय, तर नट...

त्या गेल्यावर थोड्याच दिवसांत शेठच्या मुलाचे वकील आले. शेड विकायची ठरली होती. इमारतीत जे पक्कं बसवलंय ते इमारतीबरोबर जाणार, असं सांगत ते भिंतीतल्या शिल्पांवरून हात फिरवत चालले होते. खांबांपाशी थांबले, वाकले.

"हे पक्के का नाही केले?"

"ताईंना नवी फरशी फोडायची नव्हती," मी म्हटलं. मला तेवढंच ठाऊक होतं.

त्यांनी एक नट बोटांनी चाचपला. "हुशार होत्या बाई," म्हणाले. "पक्के असते तर मी सोडले नसते, गाव कोर्टात फिरत बसलं असतं. न्या तुमचे खांब."

दुसऱ्याच दिवशी आण्णा टेम्पो घेऊन हजर. खांब लोखंडी पायांसकट न्यायचे होते; मी पाना लावला. नट असा फिरला, जणू कालच कुणी तेल घालून गेलंय. आण्णा बघत होते. "आपल्या बाजूनं वकील व्हता की गं," एवढंच म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. मीही रडले. पण रडता रडता डोक्यात तेच. पगार शेठचा आणि राखण आमच्या खांबांची, हे वकिलाला शोभतं का? की खरंच नुसती फरशीच होती? आणि मला का नाही सांगितलं? माझ्यावर विश्वास नव्हता, की उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागू नये म्हणून? ताईंच्या खोलीत जाऊन दोन्ही खुर्च्यांना हे सगळं मोठ्याने विचारून आले.

पाना मी घेऊन आलेय. संग्रहालयाचा की ताईंचा, देव जाणे. माझ्या पर्समध्येच असतो. परवा देवळात गेले तर आण्णा सिमेंट कालवून तयार. खांब देवळामागच्या ओट्यावर पक्के रोवणार म्हणे. नव्या पंचमंडळींतल्या दोघांना तीच देवळामागची जागा विकायचीय, हे मी ऐकून आहे.

"रोवायचे नाहीत," मी म्हटलं. "लोखंडी पायावरच राहू देत."

"का गं?"

मी पर्समधून पाना काढला आणि खाली बसले.

"फरशी नवी हाय, आण्णा."