चुलीत ओतलेला तांब्या

सगळं गाव धरणाच्या पाण्यात बुडणार होतं, आणि मी घरातून निघताना चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. कशासाठी, तर मागे आग लागू नये म्हणून.

एवढी शहाणी मी होते. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, हातातला चुडा नवा होता, आणि सासरच्या माणसांना अक्कल शिकवायची खुमखुमी अंगात मावत नव्हती. माझं माहेर बावड्याचं. तिथे एकदा कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडून कडब्याची गंज जळाली होती. तेव्हापासून आईचं एकच पालुपद होतं. सासरी धाडतानाही ती डोळे पुसत तेच म्हणाली, "घरातनं भाईर पडताना चुलीवर पाणी मार, मगच उंबरा वलांड." ते मी इमानेइतबारे पाळलं. उंबरा आदल्याच दिवशी उपटून गाडीत घातला होता, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

जुन्या पळसदेवातल्या आमच्या घराला त्या सकाळी दार नव्हतं. चौकटी, तुळया, कोनाड्यातल्या फळ्यासुद्धा काढून घेतल्या होत्या. भिंती तेवढ्या उभ्या. शेजारपाजारची घरंही तशीच, डोळे काढून घेतल्यासारखी. त्यात आमची चूल मात्र पेटलेली होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहाटेच तिच्यावर कण्या चढवल्या होत्या. ज्वारीच्या जाडसर भरडलेल्या कण्या, त्यात तांबडा भोपळा, आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात, आणि गूळ. पावसाळा सरून सकाळी गारवा पडायला लागला, गोठ्यावरच्या वेलाची डांगरं पिकली, की त्या घरात हाच नाश्ता. तो मंद विस्तवावर सावकाश शिजायचा आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

आत्याबाई कुठेतरी गेल्या होत्या. गाडीवरून मामंजींनी हाक मारली, "चला आता." मी तांब्या उचलला, कण्यांचं पातेलं बाजूला ओढलं आणि ओतलं पाणी. चर्र झालं. राख उडून माझ्या तोंडावर बसली.

तोवर आत्याबाई परत आल्या. त्यांच्या हातात एक खापर होतं, त्यात गोवरीचा तुकडा. शेजारणीकडून मागून आणलं होतं. घर हलवताना जुन्या चुलीतला विस्तव त्यात धरून न्यायचा आणि नवी चूल त्यावर पेटवायची. हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण बावड्यात कुणाची चूल कधी हललीच नव्हती.

मामंजी दारात डोकावले. काळी ठिक्कर चूल बघितली, माझं राखेनं माखलेलं तोंड बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "धरण भराया पाणी कमी पडत हुतं व्हय?"

गाडीवरची सगळी हसली. पुढे कितीतरी वर्षं हा विनोद नव्या गावठाणात फिरत राहिला. लग्नाला गेले की कुणीतरी म्हणायचं, हिला पाण्याच्या हंड्यापासनं लांब बसवा. मीही हसायचे. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. रागावल्या असत्या तरी मला चाललं असतं. त्यांनी रिकामं खापर पदरानं पुसलं आणि गाडीत ठेवलं. अर्धकच्च्या कण्या नव्या जागी पोचल्यावर बैलांपुढे ओतल्या. पत्र्याच्या शेडमधली चूल काडेपेटीनं पेटली.

आणि त्यानंतर आत्याबाईंनी डांगराच्या कण्या कधीच केल्या नाहीत. वेल लावला, तो शेडवर चढला, डांगरं धरली. त्यांची भाजी झाली, घारगे झाले, शेजारी वाटली. कण्या नाहीत. पिकलं डांगर चिरायला घेतलं की त्या माझ्याकडे एकदा बघायच्या आणि फोडी भाजीच्या करायच्या. मी विचारायची हिंमत केली नाही. तव्यातल्या भाकरीवर पाणी फिरवताना चर्र झालं, की मान खाली घालायचे.

परगावी गेलेली माणसं मागे राहिलेल्यांना लिहितात. जुन्या गावच्या बायांनो, बापयांनो, आपल्या मागे कोण राहिलं? देऊळ राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं, मग पुण्याची पोरं होडीत बसून फोटो काढायला येतात. मीही एकदा गेले होते. होडीवाल्यानं विचारलं, "आज्जी, तुमचं घर कुठं हुतं?" मी बोट दाखवलं. नुसतं पाणीच होतं. आमच्या त्या माळकऱ्याच्या घरात कधी मासा शिजला नाही, आता तिथे मासेच नांदतात. वाटलं, चुलीच्या तोंडातून एखादी चिलापी आतबाहेर करत असेल, आणि राख अजून ओली असेल. वेडेपणाच, कारण सगळंच ओलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तेवढीच जागा माझ्या तांब्यानं भिजलेली होती.

आत्याबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी बारामतीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, गिझर आहे, पायपातून गॅस येतो. सगळं आहे. एक खोड माझ्यात आहे, ती घरातल्यांना ठाऊक आहे, तिचं कारण ठाऊक नाही. मी गॅस पेटवते, बंद करत नाही. सुनेला हाक मारते, "बटण फिरव गं." तिला वाटतं, सासूचे हात दुखतात. मीही कण्हून दाखवते, तेवढं नाटक मला जमतं. खरं असं, की बटण फिरवताना ज्वाळा फप्प करून जाते, आणि स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी रिकामं खापर घेऊन उभं असल्यासारखं वाटतं. मान वळवून बघायचा धीर होत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला नात आली पुण्याहून. शर्वरी तिचं नाव, कंपनीत काम करते आणि सकाळी ओट्स खाते. मी तिला म्हणते, घोड्याचा खुराक खाऊन ऑफिसला जातेस, निदान धावत तरी जा. यंदा तिनं मोबाइलवर काहीतरी बघून ठेवलं होतं. ओट्समध्ये भोपळा, दालचिनी, जायफळ. "आज्जी, हा खास ऑटमचा ब्रेकफास्ट असतो. एकदम कोझी."

"कोझी म्हंजे?"

"म्हणजे..." ती विचारात पडली. "गोधडीत बसून खाल्ल्यासारखं."

मंडईतून मी पाव किलो डांगर आणलं. तिनं ओट्स तुपावर परतले, मी फोडी वाफवून घोटल्या. दूध, गूळ, वरून दालचिनी. खिडकीतून गार वारा येत होता. गूळ विरघळला, डांगराचा वास उठला, आणि माझा हात पातेल्यावरच थांबला. आत्याबाई आल्या होत्या. ह्या वेळी दारात नाही, अगदी खांद्याजवळ. श्वास ऐकू यावा इतक्या जवळ.

"आज्जी, काय झालं?"

"काही नाही. चव बघ."

तिला फार आवडलं. मी चमचाभर तोंडात घातलं. जवळ होतं, पण ते नव्हतं. काहीतरी राहिलं होतं, आणि काय राहिलं ते मला सांगता येईना, कारण त्या घरात मी ते रांधायला शिकायच्या आधीच चूल विझवून बसले होते. "आता सांगणारं कोण आहे?" मी म्हटलं. शर्वरी म्हणाली, "नरसिंहपूरच्या आजींना विचार की."

नरसिंहपूरच्या आजी म्हणजे माझी थोरली नणंद. ऐंशी उलटल्यात, ऐकू कमी येतं, जीभ मात्र धारेची. शर्वरीनं फोन स्पीकरवर टाकला. मी ओरडून विचारलं, "वन्सं, डांगराच्या कण्यांत आत्याबाई काय घालायच्या?"

"बडीशेप, कुटून. आन् चिमूटभर मीठ. तुला न्हाय ठावं?"

"त्यांनी माझ्यादेखत कधी केल्याच नाहीत. नव्या घरी कधीच नाहीत."

"तितं कशा करंल? माझ्याकडं येऊन करायची."

वन्संना वाटलं ऐकू आलं नाही, त्या आणखी मोठ्यानं बोलू लागल्या. "अगं शालन, दरसाल दसरा झाला की आई नरसिंहपुराला कशापायी यायची?"

"नरसिंहाच्या दर्शनाला. तसंच सांगून यायच्या आम्हाला."

"दर्शन एका दमात उरकायची. मग चार-चार दिस हितं बसून कण्या खायची, चाटून पुसून. म्या म्हणायची, आई, घरी का करत न्हायस? तर म्हणायची, तितं केल्या की पोरीला त्यो तांब्या आठवतोय. डांगर चिराया घेतलं तरी मान खाली घालती. नगं बाई."

शर्वरी माझ्याकडे बघत होती. कुठला तांब्या, तिला काय ठाऊक. मी हसत होते आणि डोळ्यांना पदर लावत होते. इतकी वर्षं मी समजत होते, बाईनं मनात धरलं. बाईनं धरलं होतं खरं, पण मला सांभाळायचं. त्यासाठी देवाचं नाव घेऊन थाप मारली, तीही दरसाल. हा खट्याळपणा माझ्यात कुठून आला म्हणून घरातले विचारतात. माहेरचा नाही तो.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी पाण्याकडे बोट दाखवायचे. आता वाटतं, ज्या दारात आपली वाट बघत कुणी उभं असतं, ते घर. मग ते कुणी जिवंत असलं काय न् नसलं काय. बारामतीतल्या ह्या स्वयंपाकघराच्या दारात त्या अजूनही येतात. मला अजून धास्ती वाटते. पण त्या दिवशी बडीशेप कुटून घातली, चिमूटभर मीठ टाकलं, आणि पातेलं उतरायची वेळ झाली तेव्हा सुनेला हाक मारली नाही. बटण मी फिरवलं. फप्प झालं. मी मागे वळून बघितलं, आणि एक वाटी जास्तीची भरून ओट्यावर ठेवली.

फोन ठेवण्याआधी वन्संना मी एक विचारलं होतं. चूल विझवल्याबद्दल आत्याबाई काही बोलल्या होत्या का, कधीतरी, तुमच्यापाशी तरी. मग वन्सं म्हणाल्या,

"बोलली की. म्हणायची, धरणाचं पाणी घरात शिरून माझी चूल इझिवणार हुतं. त्याच्या आधी माझ्या सुनंनं इझिवली, आपल्या घरच्या तांब्यानं. लई बरं झालं."