तानसाचे साहेब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मुंबईत माझी अब्रू कशी गेली, ते मी एकदाच सांगणार आहे!

मी तानसा धरणाजवळच्या गावचा. शहापूरच्या बाजारात माझं टेलरिंगचं दुकान. मुरबाडच्या बहिणीचा मुलगा प्रशांत मुंबईत एका सोसायटीत भाड्याने राहायला गेला, म्हणून चार दिवस त्याच्याकडे गेलो. तो सकाळीच कामावर पळाला. मी किती वेळ भिंतींकडे बघणार? खाली बाकावर जाऊन बसलो.

बाजूला सोसायटीच्या सेक्रेटरी काकू.

"कुठून आलात?"

"तानसावरून." एवढ्यावर थांबेन तर मी कसला! म्हणालो, "तुमी पिता ना, ते पाणी आमीच सोडतो."

आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा असंच बोलतात हो! पण काकू ताडकन उठल्या.

"अय्या! मग इथे काय बसलात? वर चला, चहा घ्या!"

काकूंकडे चहा, शेजारच्या घरी पोहे, वरच्या मजल्यावर साजूक तुपातला शिरा. मुंबईत कोणी कोणाला विचारत नाय म्हणे! कोण म्हणतं हो?

गंमत म्हणजे जो तो मला आधी स्वयंपाकघरात नेई आणि नळ उघडून दाखवी. म्हटलं, असेल इथली पद्धत. आमच्याकडे पाहुण्याला गोठा दाखवतात, इथे नळ.

"बघा ना धार!" एक वहिनी म्हणाल्या.

"वा! किती नाजूक!" मी म्हणालो. कौतुकात आपण कंजुषी करत नाय.

शिरावाल्या आजोबांनी माझा हातच धरला. "मग साहेब, कधी वाढवताय?"

मला वाटलं, मुक्काम. एवढ्या प्रेमाने विचारतात, मन कसं मोडणार?

"तुमी म्हणत असाल तर आजच वाढवतो!"

आजोबांचे डोळे भरून आले. माझेही आले. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली 'तानसाचे साहेब'. घराघरांत रिकामी पिंपं घासून तयार.

संध्याकाळी अख्खी सोसायटी खाली जमली. काकूंनी माझ्या अंगावर शाल घातली. प्रशांत नेमका तेव्हाच कामावरून आला आणि गेटातच थिजला.

"दोन शब्द बोला, साहेब."

मी गहिवरून उभा राहिलो. "इथे मला माझं घर सापडलं. तुमच्या आग्रहाखातर रविवारपर्यंत वाढवलंय."

"रविवारपर्यंतच?" आजोबा ओरडले. "आणि पुढे?"

"पुढे कसं जमणार? लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे पडलेत ना!"

काकू दोन पावलं पुढे आल्या.

"तुम्ही पाणीखात्यातले ना?" काकूंनी विचारलं.

"नाय हो! मी टेलर. उन्हाळ्यात आमच्याच पाड्यावर पाण्याची बोंब असते!"

काकूंनी शाल काढून घेतली. घडीही नीट घातली, हे सांगायला हवं.

"मामा," प्रशांत दात खात म्हणाला, "वर चला. बोलू नका, नुसते चला."

दुसऱ्या दिवशी नळाची ती नाजूक धारही आटली. खालून काकूंची हाक आली, "ओ तानसावाले! टँकर आलाय, या खाली!"

गेलो. कोणी चहा विचारला नाही. आजोबांच्या तिसऱ्या मजल्यावर बादल्या नेल्या, तर म्हणाले, "सांडू नका!"

अहो, तेव्हा कुठे मला खरंच आपल्या घरात असल्यासारखं वाटलं!