पांढरी शेफर्ड

पूनम सागर सोसायटीत इतकी वर्षं राहून ज्यांचं कुणाशी भांडण झालं नाही, पण ‘पॉमेरियन’ या एका शब्दासाठी जे भर रस्त्यात वाहतूक थांबवतील, असे एकच गृहस्थ आहेत. ते म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. बहिणीसारखी मीही त्यांना बाबाच म्हणते. मूळचे परभणीकडचे, नोकरीपायी इकडे आले. निवृत्त झाले त्याच सुमारास काशीगावात एकाकडे जर्मन शेफर्डची पिल्लं झाली होती. पाठीवर काळी, पायांना तांबूस अशी सगळी पिल्लं गेली, एक पांढरीशुभ्र तेवढी कुणी घेईना. बाबांनी ती मांडीवर घेऊन रिक्षातून आणली आणि तिचं नाव ठेवलं चांदणी.

तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणतंच, "अंकल, कितना बड़ा पॉमेरियन है." मग बाबा लिफ्टचं दार पायानं अडवून समजावतात, "शेफर्ड है. शेफर्ड पूरा काला होता है, भेड़िये के रंग का होता है, लंबे बालवाला होता है, और सफेद भी होता है. नाक देखो, काली है." तोवर वरच्या मजल्यांवरची माणसं बटणं दाबून थकतात. एकदा भाजीवाल्याला त्यांनी चांदणीच्या पाठीवरचे केस फाकवून आतली मऊ लव दाखवली. त्यानं बिचाऱ्यानं फक्त कोथिंबीर हवी का एवढंच विचारलं होतं. ती लव त्यांच्या घरात उशीपासून वरणापर्यंत कुठेही सापडते. बहीण कुरकुरली की म्हणतात, "वर्षातून दोनदाच कोट बदलते ती. तुझं कपाट उघडू का?"

काही वर्षांपूर्वी जवळच कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, सोबत मला घेतलं. तिथला परीक्षक तरुण होता, अदबीनं बोलला. "काका, कुत्री फार सुंदर आहे. पण या जातीत पांढरा रंग दोष धरतात. रिंगणात घेता येणार नाही."

मला वाटलं, आता लिफ्टमधलं व्याख्यान सुरू होणार. पण बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "चावली तर दोष म्हणा. घाबरली तर म्हणा. जन्मानं मिळालेल्या गोष्टीला दोष म्हणणं आमच्या घरात चालत नाही."

थोड्या वेळानं त्या परीक्षकानं बाबांसाठी खुर्ची आणून दिली. दिवसभर आम्ही रिंगणाबाहेर बसलो. येणारा-जाणारा चांदणीला हात लावून जायचा आणि बाबा प्रत्येकाला तिचं नाक दाखवायचे. संध्याकाळी त्यांचा घसा पार बसला. रिक्षात कसंबसं म्हणाले, "दिवस चांगला गेला."

आता चांदणीचं वय झालंय. इतर शेफर्डच्या तोंडावरचे केस पिकतात, हिचं काही कळत नाही. मागचे पाय तेवढे जड झालेत. फिरायला गेले की बाबा दर थोड्या अंतरावर टेकतात आणि विचारलं तर म्हणतात, "गुडघे दुखतायत माझे." परवा मी त्यांच्यासाठी मालिशचं तेल घेऊन गेले. बहीण हसली. "बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत गं," म्हणाली आणि मला खिडकीशी घेऊन गेली. खाली चांदणी बसली होती. शेजारी कट्ट्यावर बाबा आपला गुडघा चोळत होते, आणि ती सावकाश उठून उभी राहीपर्यंत चोळत राहिले.